गुण मिळाले, प्रवेशही मिळाला. मग ती गेली का नाही?

पत्र :

ताई, नमस्कार.

आम्ही चार मित्र गेली सहा वर्षं संध्याकाळी मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. येणाऱ्या मुलांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणीच नाही. सध्या शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत असलेले बारा जण आमच्याकडे येतात. गेल्या वर्षी आमच्या एका मुलीला उत्तम गुण मिळाले, हवा तिथे प्रवेशही मिळाला. आम्ही तिचं कौतुक केलं आणि पुढच्या मुलांकडे वळलो. कॉलेज सुरू होऊन महिना झाल्यावर कळलं, की ती गेलीच नाही. एका दुकानात कामाला लागली. विचारलं तर ‘नाही जमलं, दादा’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून मन खातंय.

यंदा ओळखीच्यांकडून थोडे पैसे जमलेत. एका मुलाचं कॉलेजचं सगळं शिक्षण निघेल, एवढे. एक मित्र म्हणतो, सगळ्यात हुशार मुलाला सगळे देऊन टाकू, निदान एक तरी पार होईल. दुसरा म्हणतो, बाराही जणांना चांगला क्लास लावू. तिसऱ्याला टॅब घ्यायचेत. त्यात एका मुलाचे वडील म्हणतात, ‘शिकून पुढे जे कमवायचं, ते आजपासूनच कमवू दे.’ त्यांना काय सांगावं, सुचत नाही. पैसे कुठे लावावेत? आणि आमचं चुकतंय कुठे?

— अभ्यासिकेतला एक दादा

उत्तर :

प्रिय दादा,

तुमच्या पत्रात पैशांचा प्रश्न शेवटी आलाय आणि त्या मुलीची गोष्ट आधी. मीही त्याच क्रमाने जाते, कारण तुमच्या पैशांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच गोष्टीत आहे.

प्रवेश मिळूनही पहिल्या दिवशी वर्गात न पोचणारी ती एकटी नाही. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या अमेरिकी संशोधकांनी नेमक्या अशाच मुलांचा माग काढला. शाळा संपवून कॉलेजला जायचं नक्की केलेल्या मुलांपैकी साधारण १० ते २० टक्के मुलं शाळा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीतच गळतात, असं त्यांना आढळलं. गरीब घरांतल्या मुलांत हे प्रमाण आणखी जास्त. कारण उघड आहे. शाळेचे शिक्षक आता तिचे राहिलेले नसतात आणि कॉलेजचे अजून झालेले नसतात. मधल्या दोन-तीन महिन्यांत अनामत भरायची असते, वसतिगृहाचा अर्ज करायचा असतो, मूळ कागद जमा करायचे असतात, एखाद्या पत्राला ठरावीक तारखेच्या आत उत्तर द्यायचं असतं. ज्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलंय, तिथे आई किंवा थोरली बहीण हे सगळं सहज उरकते, मुलांना त्याचा पत्ताही लागत नाही. तुमच्या मुलीच्या घरी ते पत्र तिच्याशिवाय कुणाला वाचता आलं असेल का, हे तुम्हीच सांगू शकाल.

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्ही तिला निकालापर्यंत नेलंत आणि तिथे तिचा हात सोडलात. जाणूनबुजून नाही. आपल्या सगळ्यांनाच वाटतं, की प्रवेश म्हणजे पैलतीर. पण या मुलांसाठी नदीचा सगळ्यात खोल भाग प्रवेशाच्या नंतर लागतो. त्याच दोन संशोधकांच्या कामातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की त्या सुट्टीत एखाद्या समुपदेशकाने मुलाशी दोन-तीन तास जरी नीट बोलून अडलेलं काम मार्गी लावलं, तरी कॉलेजला पोचणाऱ्यांची संख्या वाढते. दोन-तीन तास! तुमच्याकडे तर रोजची संध्याकाळ आहे.

‘नाही जमलं’ या दोन शब्दांमागे काय असतं, ते मला थोडं ठाऊक आहे. माझ्या वेळी वडील मला घेऊन फी भरायला आले होते. एक फोटो कमी पडला म्हणून खिडकीतल्या माणसाने ‘उद्या या’ म्हटलं. त्याच्या दृष्टीने ती साधी गोष्ट होती. वडिलांच्या दृष्टीने ती आणखी एका दिवसाची मजुरी होती. परतताना ते अवाक्षर बोलले नाहीत, आणि माझ्या मनात आलं, आता पुन्हा ‘चला’ कसं म्हणू? ते स्वतःहून म्हणाले, म्हणून मी आज हे लिहिते आहे. एका फोटोवरून माझं शिक्षण अडलं असतं, आणि कुणी विचारलं असतं तर मीही ‘नाही जमलं’ एवढंच सांगितलं असतं.

असल्या बारीकसारीक अडचणींना आपण फार हलक्यात घेतो, म्हणून एक उदाहरण देते. अमेरिकेत एसीटी नावाची प्रवेशपरीक्षा आहे. १९९७ पर्यंत तिचे गुण तीन कॉलेजांना फुकट कळवले जायचे. पुढे ती सवलत चार कॉलेजांपर्यंत वाढवली. त्या एका जादा कॉलेजसाठी आधी अवघे सहा डॉलर मोजावे लागत. एवढ्याशा फरकाने मुलं जास्त कॉलेजांत अर्ज करू लागली आणि गरीब घरांतली मुलं आधीपेक्षा चांगल्या कॉलेजांत पोचू लागली. त्यांची हुशारी तर तेवढीच होती, घरची परिस्थितीही तीच होती. मुलांनी ‘तीन फुकट’ याचा अर्थ ‘तीनच पुरेत’ असा घेतला होता. जिथे सांगायला कुणी नसतं, तिथे फॉर्मवरची मोकळी जागाच सल्ला देते.

म्हणून टॅब नकोत. क्लासबद्दल माझं मत जरा कडक आहे, पण सांगते. बारा जणांच्या क्लासची फी भरलीत, तर तुमचे सगळे पैसे अशा ठिकाणी जातील जिथे तुमची मुलं आधीच बरी आहेत. गुण तुमच्या मुलीलाही मिळालेच होते. अभ्यासाच्या तयारीसाठी तुम्ही तीन गोष्टी करा. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या आणि चुका त्याच आठवड्यात एकत्र बसून पाहा. पाठ्यपुस्तकाबाहेरचं रोज थोडं वाचून घ्या, कारण कॉलेजात पहिला फटका बसतो तो लांबलचक मजकूर झरझर वाचण्याच्या सवयीचा. आणि विषय निवडताना कुणी नुसत्या भीतीपोटी गणित सोडत असेल, तर त्याने कुठली दारं बंद होतात ते त्याला आधी दाखवा, मग त्याला ठरवू द्या. याला पैसे लागत नाहीत, तुम्ही लागता.

आता एकाच हुशार मुलाला सगळे पैसे देण्याचा विचार. तुमच्या मित्राची तळमळ कळते. पण सगळ्यात हुशार मुलाला बाहेरून मदत मिळण्याची शक्यताही सगळ्यात जास्त असते. शिष्यवृत्त्या, फीमाफी, ट्रस्ट, सगळे त्याच मुलाच्या शोधात असतात. सहाव्या-सातव्या क्रमांकावरचं मूल कुणाच्याच नजरेत नसतं. शिवाय उरलेल्या अकरा जणांना त्यातून काय कळेल, याचा विचार करा. ती मुलं रोज तुमच्यासमोर बसणार आहेत.

यूजीन लँग या अमेरिकी उद्योजकाची गोष्ट इथे आठवते. १९८१ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या ज्या शाळेत ते लहानपणी शिकले, तिथे सहावीच्या मुलांपुढे बोलायला गेले. मेहनत करा, यश मिळेल, असं ठरावीक भाषण करायचं होतं. पण मुलांकडे पाहून ते शब्द त्यांनाच पोकळ वाटले, आणि त्यांनी उभ्या उभ्या जाहीर केलं, की तुम्ही शाळा पूर्ण करा, तुमच्या कॉलेजच्या फीचं मी बघतो. समोर ६१ मुलं होती. यातली एखाद-दुसरीच कॉलेजपर्यंत जातील, असा मुख्याध्यापकांचा अंदाज होता. पुढे ज्या ५४ मुलांशी संपर्क राहिला, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांनी शालेय शिक्षण पूर्ण केलं आणि साधारण ६० टक्के पुढच्या शिक्षणाला गेली. यात वचनाइतकीच मोठी गोष्ट म्हणजे लँग वचन देऊन घरी गेले नाहीत. मुलांची रोजची विचारपूस करायला त्यांनी पूर्णवेळ माणूस नेमला, आणि स्वतःही मुलांना भेटत राहिले. त्यांनी वर्गातला पहिला नंबर निवडला नव्हता, वर्ग निवडला होता.

तुमच्याकडे लँग यांच्याइतके पैसे नाहीत, हे खरं. पण खात्री देण्यासाठी दरवेळी जास्तीचे पैसे लागतातच असं नाही. मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून गरीब घरांतल्या हुशार मुलांना घरी एक पत्र पाठवायला सुरुवात केली. तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, आता काही सिद्ध करावं लागणार नाही, असं त्यात लिहिलेलं असे. गंमत अशी, की यातल्या बहुतेक मुलांना नेहमीच्या योजनांतून एवढी मदत तशीही मिळालीच असती. फक्त ती नंतर, अनेक फॉर्म भरल्यावर कळली असती. पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष दाखल होणारी मुलं १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेली. पैसा जवळपास तोच, पण तो नक्की आहे हे आधी कळलं. गरीब घरात ‘बहुतेक मिळेल’ या शब्दावर कुणी चार वर्षं पणाला लावत नाही, आणि लावू नयेच.

तेव्हा माझा सल्ला असा. तुमच्या रकमेचे तीन हिस्से करा, सारखे नव्हे.

सर्वांत लहान हिस्सा हाताशी रोख ठेवा. अर्जाची फी, फोटो, छायाप्रती, दाखले काढायला जायचं भाडं, परीक्षेच्या गावी एका रात्रीचा मुक्काम, असल्या खर्चासाठी. हे पैसे मागितल्या दिवशीच मिळाले पाहिजेत. त्यासाठी अर्ज, बैठक, चौघांच्या सह्या असलं काही ठेवू नका. फार तर एका वहीत नोंद करा. शेवटची तारीख उद्या असताना ‘रविवारी बोलू’ म्हणणं हे नाही म्हणण्यासारखंच आहे.

सगळ्यात मोठा हिस्सा खड्डे बुजवायला. आधी प्रत्येक मुलासाठी सरकारी शिष्यवृत्ती, कॉलेजची फीमाफी, इतर मदत, जे मिळण्यासारखं आहे ते सगळं मिळवा. मग जे कमी पडेल तिथे तुमचे पैसे घाला. तुमचे पैसे शेवटी, आधी नाही. काही ठिकाणी बाहेरून मदत मिळाल्याचं दिसलं, की कॉलेज आपली मदत तेवढीच कमी करतं. मग तुम्ही कष्टाने जमवलेले पैसे मुलाच्या उपयोगी न पडता कॉलेजचा खर्च वाचवतात. म्हणून देण्यापूर्वी विचारून घ्या, आणि फीऐवजी प्रवास, पुस्तकं, जेवण यांसाठी दिले तर चालतील का, तेही पाहा. आणखी एक. मुलांना कॉलेजची छापील फी दाखवू नका. सगळी सूट वजा जाता हातातून किती जाणार आणि त्यात राहण्या-जेवण्याचा खर्च मिळवला की किती होतो, हे दोनच आकडे कागदावर मांडा. छापील फी पाहून मुलं ज्या कॉलेजचं नावही काढत नाहीत, ते कधीकधी सवलतींमुळे सगळ्यात स्वस्त पडतं. आणि फी माफ आहे म्हणून निवडलेलं लांबचं कॉलेज खोलीभाड्यापायी सोडावं लागतं.

तिसरा हिस्सा पहिल्या सहामाहीसाठी बाजूला काढा आणि त्याआधी त्याला हात लावू नका. शिष्यवृत्तीची रक्कम हाती पडायला उशीर होतो आणि पोट तेवढं थांबत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत एक उपक्रम सुरू केला. मुलांनी पूर्णवेळ शिकायचं. त्या बदल्यात फीतली उरलेली तूट, पुस्तकांचा खर्च, बस-मेट्रोचा पास आणि वारंवार भेटणारा एक सल्लागार. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची इतरांशी तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलेले दिसले. त्या यादीत बसचा पास आहे, तो विसरू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी फी, जेवण, निवारा आणि काम हे चारही प्रश्न एकाच छपराखाली सोडवायला घेतले, कारण यातला एक जरी सुटला नाही तरी मूल घरी परत जातं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. ‘कमवा आणि शिका’ हे त्यातून आलं.

कर्जाबद्दल थोडक्यात. कर्ज वाईट नाही, पण अर्धवट शिक्षणाचं कर्ज फार वाईट. अमेरिकेत सगळ्यात जास्त थकबाकीदार मोठ्या कर्जाचे नसतात, छोट्या कर्जाचे असतात, कारण ती थोडं शिकून सोडून गेलेली मुलं असतात. पदवी नाही, हप्ता मात्र आहे. म्हणून कर्जाचा विचार शेवटी, आणि तोही मूल टिकेल अशी बाकीची व्यवस्था झाल्यावरच. हप्ता केव्हापासून आणि महिन्याला किती, हे सही करण्याआधी मुलाने स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं पाहिजे.

आता फॉर्म. तुम्ही म्हणाल, आम्ही मुलांना सगळ्या योजनांची माहिती देतो. तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेत शैक्षणिक मदतीच्या सरकारी अर्जात त्या काळी शंभरावर प्रश्न असत. २००८ च्या सुमारास संशोधकांनी कर भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत प्रयोग केला. काही कुटुंबांना मदतीची रक्कम किती मिळेल ती माहिती दिली आणि काहींना तिथेच बसवून अर्ज भरून दिला, दहाएक मिनिटांत. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्यांच्यातली कॉलेजला जाणारी मुलं शंभरात आठने वाढली. ज्यांना नुसती माहिती दिली, त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. पुढे कुणीतरी हेच काम मोठ्या प्रमाणावर संदेश पाठवून करू पाहिलं. आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना आठवण करून देणारे संदेश गेले, परिणाम शून्य. अनोळखी नंबरवरून आलेली सूचना आणि शेजारी बसलेला दादा, यांत फरक असतोच.

तुमच्या अभ्यासिकेत आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त कागदांची ठेवा. नववीपासून. प्रत्येक मुलाची एक फाईल करा. सगळ्या दाखल्यांवर नाव अक्षरशः सारखं आहे का, जन्मतारीख जुळते का, बँकेत खातं आहे का आणि ते चालू आहे का, हे आत्ताच पाहा. नावातल्या एका अक्षराची चूक दुरुस्त व्हायला कधी महिनेही लागतात आणि ती नेमकी शेवटच्या आठवड्यात सापडते. अर्ज भरताना मोबाईल नंबर आणि ईमेल मुलाचाच द्या, तुमचा नको, फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा तर नकोच. संदेश दुसऱ्याच्या फोनवर गेल्याने शिष्यवृत्ती हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि पासवर्ड मुलाच्या वहीत, त्याच्या हाताने. फाईल त्याची आहे, तुमची नाही. घरच्या उत्पन्नाचे कागद हा त्या घराचा खासगी भाग आहे, ते मित्रांच्या ग्रुपवर फिरता कामा नयेत. देणगीदारांना पाठवायला मुलांचे फोटो काढत असाल, तर तेही थांबवा.

त्या वडिलांचं मला फार लागलं. त्यांना अडाणी समजू नका, त्यांचा हिशेब बरोबर आहे. कॉलेजची खरी किंमत फी नव्हे. मुलगा कामाला गेला असता तर जे घरी आलं असतं, ती खरी किंमत. मेक्सिकोच्या सरकारने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांना मदत सुरू केली, तेव्हा हा हिशेब मान्य केला होता. मुलं शाळेत जात राहिली तर आईच्या हाती पैसे मिळत, वरच्या इयत्तांना जास्त, आणि माध्यमिक शाळेतल्या मुलींसाठी मुलांपेक्षा जास्त. मोठं मूल घरात कमावू शकतं, हे त्यामागचं साधं गणित. म्हणून वडिलांपुढे शिक्षणाचं महत्त्व सांगू नका, ते त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासोबत बसून घरातली महिन्याची तूट किती पडेल ते काढा आणि त्यातली कोणती बाजू तुम्ही उचलू शकता ते सांगा. मुलगा शनिवार-रविवार काम करून किती आणू शकेल? काम आणि कॉलेज एकाच रस्त्यावर असलं तर?

दुसरं असं, की शिकल्याने नेमकं किती फरक पडतो, हे त्यांनी कुणाच्या उदाहरणावरून ठरवलं असेल? आजूबाजूला दिसणाऱ्या माणसांवरूनच. आणि शिकून पुढे गेलेला माणूस बहुधा वस्ती सोडून गेलेला असतो, तो दिसतच नाही. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाला डॉमिनिकन प्रजासत्ताकात आठवीतल्या मुलांमध्ये हेच आढळलं. शिक्षणाने वाढणाऱ्या कमाईचा त्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा खूपच कमी होता. खरे आकडे सांगितल्यावर मुलं सरासरीने शाळेत अधिक काळ टिकली. तेव्हा त्या वडिलांची गाठ अशा एखाद्या माणसाशी घालून द्या, जो त्यांच्याच कामाचा, त्यांच्याच बोलीचा आहे आणि ज्याचा मुलगा शिकून कामाला लागलाय. तुम्ही बाजूला बसा. बोलू नका. आणि सगळं झाल्यावर ते नाहीच म्हणाले, तर त्यांच्याशी संबंध तोडू नका. एक वर्ष काम करून कॉलेजला जाणारी मुलंही असतात.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिले सहा आठवडे तुमचं काम सगळ्यात जास्त असेल. तिथे गेल्यावर या मुलांना वाटतं, की आपण चुकून आत आलो. इतरांना सगळं कसं माहीत, प्राध्यापकांना त्यांच्या खोलीत जाऊन शंका विचारायची असते हे त्यांना कुणी सांगितलं? एका अमेरिकी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वरच्या वर्गातल्या मुलांशी तासाभराच्या गप्पा ठेवल्या. एका गटापुढे वरची मुलं मोकळेपणाने बोलली, की माझे आईवडील शिकलेले नाहीत, त्यामुळे मला अमुक अडलं आणि मी ते असं सोडवलं. दुसऱ्या गटात सल्ले तसेच होते, फक्त घराचा उल्लेख नव्हता. पहिल्या गटातल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या मुलांचे गुण वर्षाअखेर सुधारलेले दिसले. ती मदतही जास्त मागू लागली. सहा वर्षांत तुमच्याकडून गेलेली दोन-तीन मुलं तरी आज कॉलेजात असतील. त्यांना बोलवा. त्यांना भाषण करायला लावू नका, त्यांना काय काय अडलं ते सांगू द्या. आणि प्रत्येक नव्या मुलामागे त्यांच्यातला एक जण द्या, आठवड्यातून एक फोन एवढ्याच बोलीवर.

शेवटी पुन्हा ती मुलगी. तुमची पुढची मुलं तयार होतील, पण तिचं दार अजून बंद झालेलं नाही. या आठवड्यात तिला भेटायला जा. दुकानात नको, तिथे तिला अवघड होईल. घरी जा, आणि तुमच्या गटात एखादी ताई असेल तर तिला सोबत घ्या. ‘का नाही गेलीस’ असं विचारू नका. आम्ही तुला मध्येच सोडलं, आमचं चुकलं, हे आधी म्हणा. मग प्रवेश मिळाल्या दिवसापासून काय काय झालं ते तिला सांगू द्या. कुठला कागद, कुठली तारीख, कुठली रक्कम, कोण काय म्हणालं. तुमच्या बारा जणांसाठी जी यादी करायची आहे, ती माझ्या उत्तरापेक्षा तिच्याकडून जास्त खरी मिळेल. पुन्हा अर्ज करायचा विषय त्या दिवशी तुम्ही काढू नका. तिने काढला, तर पुढच्या प्रवेशाच्या तारखा तुमच्या खिशात असू द्या, आणि त्या खिडकीपर्यंत या वेळी तिच्यासोबत जा.

ती काय म्हणाली, मला कळवा. ती नाही म्हणाली, तरी कळवा.

तुमची,
ताई